अडगळ आणि ठेवा

मराठीत घरातील जुन्या वस्तूंसाठी दोन शब्द आहेत. एक 'अडगळ' आणि दुसरा 'ठेवा'. पहिल्या शब्दात पायाला अडणारी वस्तू दिसते, तर दुसऱ्यात कोणीतरी जाणूनबुजून ठेवलेली. गंमत अशी की, हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकाच वस्तूला लागू पडतात. माळ्यावरचा पितळी पानाचा डबा आजीच्या लेखी ठेवा असतो आणि नातसुनेच्या लेखी अडगळ. डबा तोच, पितळ तेच, पोचेही तेच. मग फरक कशात आहे? भालचंद्र नेमाडे यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'हिंदू' या कादंबरीला 'जगण्याची समृद्ध अडगळ' अशी जोड दिली, तेव्हा हा हिणकस समजला जाणारा शब्द एकाएकी प्रतिष्ठित झाला. परंतु अडगळ समृद्ध केव्हा ठरते आणि केव्हा नुसतीच अडते, हा प्रश्न प्रत्येक घराला स्वतःपुरता सोडवावाच लागतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत असा घरगुती विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. पण स्मृतिव्याख्यान हा तरी जतनाचाच एक प्रकार नव्हे काय? जे गेले त्यांच्याविषयी वर्षातून एकदा चारचौघांत बोलावे, म्हणजे त्यांचे नाव नुसते फलकावर उरत नाही, एवढाच त्याचा हेतू असतो. शिवाय हा प्रश्न टोंकखुर्दसारख्या गावात विशेष निकडीचा आहे. 'खुर्द' म्हणजे लहान; महाराष्ट्रातील खुर्द-बुद्रुक गावांमुळे हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा. अशा लहान गावांतून शिकून मुले देवासला, इंदूरला, पुण्याला आणि तेथून परदेशी जातात. मागे राहते ते घर आणि घरात दोन वृद्ध माणसे. एक दिवस घर विकावयाचे ठरते, मुले चार दिवसांच्या रजेवर येतात आणि साठ-सत्तर वर्षांच्या संसाराचा निवाडा त्या चार दिवसांत होतो. भंगारवाला दाराशी उभा असतो. तेथे घाईने जे घडते, त्याची तयारी आधी निवांतपणे करता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वीच्या घरात वस्तू साठत नव्हत्या असे नाही. फडताळ, कोनाडा, माळा, पेटारा, बोचके, गाठोडे हे शब्दच साठवणुकीची साक्ष देतात. आपल्या मालव्यातील मराठी घरांत तर एकेका वस्तूला दोन-दोन नावे असत. माजघरात 'जाते', शेजारणीशी बोलताना 'घट्टी'; घरात 'पाटा-वरवंटा', अंगणापलीकडे 'सिल-लोढी'. परंतु त्या घरात वस्तू येण्याला जसे दार होते, तसे जाण्यालाही होते. जुनी लुगडी गोधडीत जात, त्यातून उरलेले कपडे बोहारीण नेई आणि बदल्यात भांडे देई. फुटके पितळ मोडीत जाऊन नवे घडवले जाई. माणूस गेल्यावर त्याचे अंथरूण, भांडी, छत्री, जोडे दान देण्याची रीत होती. तिच्यामागे धर्मभावना होतीच, पण घर मोकळे करण्याची व्यावहारिक सोयही तिच्यात होती. आणि दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा तरी हाताखालून जात असे.

आज आत येण्याचे दार सताड उघडे आहे आणि जाण्याचे जवळजवळ बंद. वस्तू स्वस्त झाल्या, घरपोच येऊ लागल्या, दुरुस्ती मात्र महाग झाली. प्लास्टिकचा डबा मोडीत कोणी घेत नाही आणि गोधडीतही तो शिवता येत नाही. त्यातच ज्यांचे बालपण टंचाईत गेले, त्यांच्या हाताला काहीही टाकण्याची सवय नाही. दोरीचा तुकडा, रिकामी बाटली, मिठाईचा खोका, 'केव्हातरी उपयोगी पडेल' म्हणून राहतो. या वृत्तीची थट्टा करू नये. एके काळी त्या दोरीच्या तुकड्याने खरोखरच काम भागलेले असते. मात्र हीच वृत्ती विकोपाला गेली, खोल्या वावरण्याजोग्या उरल्या नाहीत आणि एकही वस्तू दूर करताना असह्य यातना होऊ लागल्या, तर ती व्याधी ठरते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानसूचीत तिची स्वतंत्र नोंद केली. अशा माणसाला रागावून उपयोग नसतो, त्याला वैद्यकीय मदत लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अडगळीचा ठेवा कशाने होतो? माझ्या मते वस्तूच्या किमतीने नव्हे आणि वयानेही नव्हे. ती कोणाची, कोठून आली, कशासाठी राहिली, हे सांगता येते तोवर ती ठेवा असते. सांगणारे माणूस गेले की तीच वस्तू अडगळ होते. वस्तू झिजण्याच्या पुष्कळ आधी तिची हकिकत नाहीशी होते. हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर नावे घालण्याची पद्धत आठवा. तांब्याच्या काठावर कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिला हे टोच्याने कोरलेले असे, क्वचित तिथीही असे. त्यामुळे प्रत्येक भांडे स्वतःची ओळख अंगावर घेऊन वावरत होते. जुन्या पंचांगाच्या समासात जन्माच्या वेळा टिपलेल्या सापडतात, जमाखर्चाच्या वहीत बाळंतपणाचा खर्च सापडतो. असे पंचांग भविष्यासाठी निरुपयोगी झाले, तरी इतिहासासाठी अनमोल असते.

आपल्या भागात याला एक मोठा संदर्भ आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे चिमाजी आप्पा आणि उदाजी पवार यांच्या फौजांनी मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला आणि मराठ्यांना मालवा मोकळा झाला. पुढे धार आणि देवास येथे पवारांची राज्ये उभी राहिली. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या. त्यांच्या आश्रयाने कारकून, शास्त्री, पुराणिक, शिलेदार येथे आले आणि स्थायिक झाले. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य प्रदेश झाला आणि दप्तराची मराठी संपली. तिच्या पाऊलखुणा आता सरकारी दप्तरखान्यांत आहेत तशाच घराघरांतील ट्रंकांतही आहेत. सनदेची नक्कल, नेमणुकीचा हुकूम, संस्थानी मुद्रांकावरची पावती, सोयरिकीची पत्रे, त्यांतील पुष्कळशी मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली. आज नातवाला तो कागद उघडूनही वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही.

देवासचेच एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचे खासगी चिटणीस होते. राजवाड्यात त्यांना विलायती सामानाची केवढी तरी गर्दी आढळली. त्यात दोन पियानो होते. दोन्ही नवे, पण येथील कोरड्या हवेने चौकटी तडकलेल्या आणि स्वरपट्ट्या अडकून बसलेल्या, त्यामुळे ते वाजत नव्हते. खुर्च्यांच्या गाद्यांतून भरण बाहेर आलेले होते. एवढा पैसा खर्चून आणलेल्या त्या वस्तूंचे मोल तेव्हाच संपले होते. परंतु त्या वेळी फॉर्स्टर यांनी आपल्या आईला व आप्तांना जी साधी पत्रे लिहिली, ती इंग्लंडमध्ये जपून ठेवली गेली आणि बत्तीस वर्षांनी, १९५३ साली, त्यांतून 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक झाले. देवासच्या दरबाराचे, गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे, महाराजांच्या स्वभावाचे जिवंत चित्र आज आपल्यापाशी आहे ते या पत्रांमुळे. त्या पियानोंची आठवणसुद्धा पत्रांनीच राखली आहे.

महाराष्ट्रातही असेच घडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांतील दप्तरे आणि पेटारे धुंडाळत राहिले. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. घराघरांत पडून राहिलेले कागद त्यांच्या हातून इतिहासाचे साधन झाले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजेच कवी 'अज्ञातवासी', यांनी सुमारे १९२० पासून अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या, वज्री, स्वयंपाकाची भांडी अशा नित्याच्या वस्तू जमविल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९६२ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्या पाहताना कारागिरीने मन थक्क होते, तरी एक हुरहूर लागून राहते. अडकित्ता आपला घाट दाखवितो; पण तो कोणत्या आजोबांच्या कमरेच्या चंचीत होता, हे सांगावयास कोणी उरलेले नसते. ती गोष्ट फक्त घरच सांगू शकते.

तेव्हा करावे काय? सर्व जपणे अशक्य आहे, आणि आवश्यकही नाही. स्वीडनमध्ये मृत्यूपूर्वी आपले आपणच घर आवरून ठेवण्याची रीत आहे. मार्गारेटा मॅग्नुसन यांनी २०१७ साली त्यावर पुस्तक लिहिल्यापासून ती जगभर माहीत झाली. मुलांवर आपल्या पसाऱ्याचा भार टाकू नये, हा तिच्यामागील विचार आपल्या वानप्रस्थाच्या कल्पनेपासून फार दूर नाही. मी एवढीच भर घालीन की, आवरताना बोलावे आणि बोललेले लिहावे. एक दोनशे पानी वही घ्यावी. ठेवावयाच्या वस्तूला क्रमांक द्यावा आणि वहीत चार ओळी लिहाव्यात: वस्तू कोणाची, केव्हाची, कोठून आली, पुढे कोणाकडे जावी. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. शाईचे पेन नको, ती पुढे उमटते. जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण कायमचे चिकटवू नये. पेशवे दप्तराचे कागद ज्या कापडात बांधत त्याला 'रुमाल' म्हणत. तसाच धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल करावा आणि कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावा. मोडी कागद वाचता आला नाही तरी टाकू नये, जाणकाराला दाखवावा. आपल्याला जपणे शक्य नसेल तर संस्थेकडे सोपवावा. मालव्याच्या इतिहासासाठी महाराजकुमार डॉ. रघुबीरसिंह (१९०८–१९९१) यांच्या संग्रहातून सीतामऊला उभी राहिलेली नटनागर शोध संस्था आपल्यापासून फार लांब नाही.

बाकीच्या वस्तूंना मात्र निरोप द्यावा. ज्यांच्याविषयी वहीत एकही ओळ लिहावीशी वाटत नाही, त्या वस्तू ज्याला उपयोगी पडतील त्याला आनंदाने द्याव्यात. मुलांनी एखादी वस्तू नाकारली तर वाईट वाटून घेऊ नये. दोन खोल्यांच्या घरात शिसवी पलंग मावत नाही, यात प्रेमाची उणीव नसते. पलंग जाऊ द्यावा. त्यावर कोण जन्मले आणि कोणी डोळे मिटले, एवढे वहीत असले म्हणजे पुरे. आणि मुलांनीही एक करावे. भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी, आईवडील हयात असतानाच, त्यांच्या शेजारी बसून विचारावे, 'हे कोणाचे?' या दोन शब्दांच्या प्रश्नाला जेवढे दिवस उत्तर मिळते, तेवढेच दिवस आपल्या हाती आहेत.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. या दिवाळीत गावी याल तेव्हा माळ्यावरची एकच पेटी खाली काढा. शाळेची जुनी छायाचित्रे, प्रगतिपुस्तके, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका त्यात निघाल्या, तर त्यांवर नावे लिहा आणि त्यांची एकेक प्रत शाळेला द्या. शाळेने त्यासाठी एक कपाट मोकळे करावे. शाळेच्या आठवणींचा ठेवा त्या एका कपाटापासून सुरू होऊ शकेल.