पटाच्या गावी जायचं, पण पट नाही पाहायचा!

धानाची मळणी उरकली की आमच्या झाडीपट्टीत निरोप यायला लागतात. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, आता फोन येतो. मजकूर मात्र तोच. "पोट्ट्यायले घेऊन या वो बाई, आपल्या गावचा पट हाये!" माझं माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातलं आणि सासर चंद्रपूर शहरातलं. पटाच्या निमित्तानं मी माहेरी किती वेळा गेले असेन, त्याची गणतीच नाही. पण मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर पट असा मी जेमतेम दोनदा पाहिला आहे. तोही एकदा झाडाआडून.

पुण्याकडच्या वाचक भगिनींसाठी आधी थोडं सांगते. तुमच्याकडची बैलगाडा शर्यत म्हणजेच आमच्या विदर्भातला शंकरपट. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपतात. हाकणारा तो धुरकरी. काही गावांत दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, तर काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळ लावून पळवतात. सगळा खेळ काही सेकंदांचा! आपण डोक्यावरचा पदर सावरेपर्यंत जोडी पार गेलेलीसुद्धा असते.

एवढ्याशा खेळासाठी गाव मात्र दोन-तीन दिवस फुलून जातं. घरोघरी पाहुणे येतात. चुलीवर सुवाऱ्यांची कढई चढते ती उतरतच नाही. उपवर मुलामुलींच्या सोयरिकी याच दिवसांत निघतात. आणि रात्री नाटक! गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा, हे या झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत, गावोगावची मंडळी तिथे जाऊन नाटक ठरवून येतात. याच रंगभूमीवर विनोदी भूमिकांनी लोकांना हसवणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरचंच कुणीतरी मोठं झाल्यासारखा आनंद झाला होता.

आता गंमत बघा. नाटकाला बायका लवकर जेवणं उरकून, लेकरांना शालीत गुंडाळून, सतरंजी काखेत मारून जातात आणि पहाटेपर्यंत जागच्या हलत नाहीत. त्याच बायका दिवसा पटावर फिरकत नाहीत. दिवसाचा पट पुरुषांचा, रात्रीचं नाटक सगळ्यांचं, अशी जणू वाटणीच झाली आहे.

मी एकदा वहिनीला विचारलं, "जोडी तुझ्या घरची. सरकी-ढेप तू घालतेस, अंगावरून हात तू फिरवतेस. मग पळताना बघायला का जात नाहीस?"

वहिनी सुवाऱ्या लाटता लाटता म्हणाली, "कोन जाईन वो बाई मानसाइच्या त्या गर्दीत? बसाले जागा नाई, पानी नाई. अन् लघवीले जायाचं झालं त कुठं जायाचं?"

झालं! पटाला नवे प्रेक्षक कसे मिळवायचे, या प्रश्नाचं निम्मं उत्तर माझ्या वहिनीनं पोळपाटावरच देऊन टाकलं.

हा प्रश्न आत्ताच का काढला, असं तुम्ही विचाराल. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली होती. राज्यानं २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रत्यक्ष परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ ला. पुढे १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या सात वर्षांत खूप काही बदललं. शेतात ट्रॅक्टर आले. कितीतरी घरांच्या गोठ्यांतल्या जोड्या विकल्या गेल्या. तेव्हा जी मुलं पाच-सहा वर्षांची होती, ती पट न बघताच मोठी झाली. पट परत आला खरा, पण त्याला बघणारी नवी पिढी आपोआप येईल, असं समजून चालणार नाही. पटाची जोडी पोसणं म्हणजे घरात आणखी दोन खाणारी तोंडं, आणि तीही चांगलंचुंगलं खाणारी. तो खर्च बाईच्या हातातूनच जातो. कौतुक करणारं कुणी उरलं नाही, तर ती तरी किती वर्षं निभावणार?

पट भरवणाऱ्या मंडळींचा यावर एकच उपाय दिसतो: बक्षीस वाढवा आणि फलक मोठा लावा. फलकावर पुढाऱ्यांचे फोटो रांगेनं, हात जोडलेले. बैल कुठेतरी कोपऱ्यात! मोठ्या बक्षिसानं लांबलांबच्या जोड्या येतील, हे मला मान्य आहे. पण मोटारसायकल जोडीच्या मालकाला मिळणार, बघणाऱ्या बाईला त्यातून काय मिळणार?

घोड्यांच्या शर्यतींनाही हे कोडं पडलेलं आहे. मुंबईत महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासूनचं. पण मध्यमवर्गीय मराठी घरात 'रेस' म्हटलं की अजून कपाळाला आठी पडते. 'रेसच्या नादी लागला' म्हणजे माणूस घराबाहेर गेला, असंच आपण ऐकत आलो. घोडा दिसायच्या आधी जुगार दिसतो. डर्बीच्या दिवशी टोप्या-फॅशनचा थाट असतो, पण तो वर्गच वेगळा. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या शर्यतवाल्यांनी १९६२ मध्ये बायकांना मैदानावर आणण्यासाठी चक्क पेहरावाची स्पर्धा सुरू केली. ती चांगली रुजली आणि आजही चालते. आपल्याकडे पटावर पैठणीची स्पर्धा ठेवावी, असं सुचवणारेही निघतील. ठेवा बापडे, पण तेवढ्यानं बाई बैलाकडे बघायला लागेल, असं मला काही वाटत नाही.

मला भावली ती जपानमधली हकिकत. कोची नावाच्या लहान शहरातलं रेसकोर्स तोट्यात बुडालं होतं, बंद पडायला आलं होतं. तिथे हारू उरारा नावाची एक घोडी होती. बिचारी एकही शर्यत जिंकली नाही. एकूण ११३ शर्यती धावली आणि ११३ हरली! २००३ च्या सुमारास तिची गोष्ट वर्तमानपत्रांतून देशभर पोचली. हरते, तरी दर वेळी जीव तोडून धावते, म्हणून लोकांचा तिच्यावर जीव जडला. मार्च २००४ मध्ये जपानच्या सर्वांत नामांकित जॉकीनं तिच्यावर स्वारी केली, तेव्हा त्या लहानशा मैदानावर सुमारे तेरा हजार माणसं लोटली. अकरा घोड्यांत ती दहावी आली! ही काही पैसे कमवायला आलेली माणसं नव्हती. ती एका घोडीला, तिच्या नावानं ओळखून, भेटायला आली होती.

आमच्या पटावर भोंग्यातून काय ऐकू येतं? मालकाचं नाव, गावाचं नाव, देणगीदाराचं नाव, मग पुढाऱ्यांचं स्वागत. बैलाचं नाव क्वचितच. आणि ते नाव ठेवलेलं असतं घरातल्या बाईनं किंवा पोरानं. पोळ्याला ज्याची आपण पूजा करतो, पुरणपोळी भरवतो, तो पटावर नुसता एक नंबर होतो. आमच्या विदर्भात तर दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा मागत फिरतात. बैलावर प्रेम करणारे पुढचे प्रेक्षक तिथे अंगणात तयार उभे असतात, आणि पटवाल्यांचं त्यांच्याकडे लक्षच नाही! पटाच्या सकाळी गावातल्या लेकरांना लाकडी बैलांसह बोलवा. खऱ्या जोड्या त्यांना जवळून दाखवा. नाव, वय, काय खातो, कुणी वाढवला, ते सगळं भोंग्यातून सांगा. खर्च काय येणार आहे? काहीच नाही.

मात्र लेकरं आणायची तर आणखी एक गोष्ट आधी साफ करावी लागेल. झाडाआडून पट पाहिला म्हणाले ना, तेव्हा माझी धाकटी सोबत होती. गाव सांगत नाही. जोडी सुटायच्या जागेजवळच आम्ही होतो. एकानं बैलाची शेपटी पिरगाळली, दुसऱ्याच्या हातात खिळा लावलेली पराणी होती. बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचा ठिपका उमटला. पोर जी रडायला लागली, ती घरी येईपर्यंत थांबली नाही. भावाच्या गोठ्यातल्या सोन्याच्या गळ्याला मिठी मारून बसली. त्यानंतर पटाचं नाव काढलं की "मी नाही येणार" हे ठरलेलं.

कायद्यानं हे चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यानं बैल तपासावे लागतात. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण माझं म्हणणं दंडाच्या भीतीपुरतं नाही. पशुवैद्य कुठेतरी मागे तंबूत कशाला बसवता? सुटायच्या जागेवर, सगळ्यांना दिसेल असा बसवा. पराणी सापडलेली जोडी बाद केली, तर तेही भोंग्यातून सांगा. शहरातली आई लेकराचं बोट धरून आली, तर ती बैलाचा वेग बघेलच, पण त्याआधी त्याचं अंग बघेल.

बाकी लागतं ते साधंच आहे. बायकांसाठी सावलीचा मंडप, पाणी, दोन-चार तात्पुरती स्वच्छतागृहं. नाटकाला बायकांची बाजू वेगळी असते, तशी पटालाही ठेवता येईल. खाण्याची दुकानं बचत गटांना द्या. आलूबोंडे खपतील आणि ओळखीच्या बायका दिसल्या की इतर बायकाही थांबतील. कुठली जोडी किती वाजता सुटणार ते आधी सांगा. 'सकाळपासून' या शब्दावर घर सांभाळणारी बाई निघू शकत नाही. तिला भात टाकून यायचं असतं. शेवट उन्हं कलायच्या आत व्हावा, कारण ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आहेत आणि शेवटची बस चुकली तर अंधारातून जाणं हा काही थट्टेचा विषय नाही.

आणि दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. ती मिळवायला बायकाच रस्त्यावर उतरल्या होत्या. ज्या मैदानावर पिऊन झोकांड्या देणारे आणि कोपऱ्यात पैजा लावणारे दिसतात, तिथे त्या बायका कशाला येतील? हे दोन्ही बंद केल्याशिवाय मंडपावर खर्च करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट बायकांच्या कामाचाच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी तळेगाव दशासरचं नाव सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या या गावच्या नामांकित शंकरपटात बायकांचा वेगळा पट होतो. धुरकरी बाईच असते! त्या दिवशी तिच्या जावा, नणंदा, शेजारणी हे सगळं मैदानावर येतं. आमच्या झाडीपट्टीत असं झालं तर वहिनीला कढई सोडून यावंच लागेल. मी तसं म्हटलंही. ती हसली, "मले नोका चढवू बापा छकड्यावर! पण मैनाचा नंबर लागला त पाहाले येईन." मैना म्हणजे माझी भाची. शाळा सुटली की जोडीला पाण्यावर तीच नेते.

यंदाचा निरोप आला आहे. आमचे हे म्हणाले, "जाऊन ये, मी दोन दिवस सांभाळतो घर." धाकटी आधी काही बोलली नाही. मग रात्री अंथरुणात हळूच विचारलं, "आई, सोन्या पळणार आहे का गं? त्याला कोणी टोचणार नाही ना?" भावाला फोन करून विचारते, म्हटलं. तो म्हणाला, पराणी घरीच ठेवून जाणार आहे. बाकीच्यांचं त्याला ठाऊक नाही.