बेचाळीस चौरस किलोमीटर मीठ

सेकंदाला ३६,८०० लिटर. २०२४ साली होर्मुझच्या सामुद्रधुनीतून खनिज तेल आणि त्याचे पदार्थ सरासरी याच वेगाने वाहून नेले जात होते. दिवसाचा हिशेब साधारण २ कोटी पिंपांचा. एका पिंपात १५९ लिटर धरले तर रोज ३१८ कोटी लिटर होतात. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत, रोज ४०० मिलिलिटर वाटता येतील एवढं हे तेल. जगात जेवढं तेल खपत होतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा ज्या पाण्यावरून जात होता, ते सर्वांत अरुंद जागी चाळीस किलोमीटरही रुंद नाही. त्यातही मोठ्या तेलवाहू जहाजांसाठी आखलेली वाट एका दिशेला तीन-साडेतीन किलोमीटरांचीच.

सामुद्रधुनीचं नाव वारंवार बातम्यांत येतं. त्याच नावाचं बेट मात्र फारसं कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. इराणच्या किनाऱ्यापासून आठेक किलोमीटरवर, तेलाच्या मुख्य जलमार्गाच्या उत्तरेला होर्मुझ बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस किलोमीटर, वस्ती सहा हजारांच्या आसपास, सर्वांत उंच टेकडी दोनशे मीटरांच्या आतली. नदी नाही, गोड्या पाण्याचा ओढा नाही, नाव घ्यावं अशी शेती नाही. पाचशे वर्षांपूर्वी याच बेटावर आशियातली एक अत्यंत श्रीमंत बाजारपेठ होती. या बेटाशी जोडलेला जवळजवळ प्रत्येक आकडा बेटाच्या मानाने अवाढव्य आहे. कारण शोधायला आधी जमिनीखाली जावं लागतं.

६७ समुद्रांचं मीठ

हे बेट म्हणजे मिठाचा घुमट आहे. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी, जमिनीवर झाडं नव्हती आणि समुद्रात माशांचाही पत्ता नव्हता, तेव्हा या भागातले उथळ समुद्र पुन्हा पुन्हा भरत आणि आटत होते. एक किलोमीटर खोलीचा समुद्र पूर्ण आटला तर तळाशी साधारण १५ मीटर मीठ उरतं. इथला मिठाचा थर मुळात किलोमीटरभर किंवा त्याहून जाड असावा असा अंदाज आहे. म्हणजे किलोमीटरभर खोलीचे निदान ६७ समुद्र आटावेत एवढं पाणी इथे येऊन वाफ होऊन गेलं. त्या मिठाच्या एका घन किलोमीटरचं वजन भरतं सुमारे २१६ कोटी टन. आज सगळं जग मिळून वर्षाला जितकं मीठ काढतं, ते सात वर्षं साठवलं तर एवढा ढीग होईल.

पुढच्या कोट्यवधी वर्षांत या मिठावर गाळ आणि चुनखडकाचे कित्येक किलोमीटर जाडीचे थर साचले. वरचा खडक दाबाने घट्ट आणि जड होत गेला. मीठ दाबलं जात नाही. त्याची घनता पाण्याच्या सव्वादोन पटीच्या आतच राहते आणि वरच्या घट्ट खडकाची त्याहून जास्त होते. शिवाय भूगर्भाच्या कालमानाने पाहिलं तर मीठ घन राहत नाही, ते वाहतं. जड खडकाखाली अडकलेलं हलकं मीठ फटी शोधत वर सरकू लागलं. झाग्रोस पर्वताच्या दक्षिण भागात आणि आखातात असे शंभराहून अधिक घुमट वर आले आहेत. होर्मुझ त्यांतलाच एक. शेजारच्या केश्म बेटावरच्या अशाच घुमटात सहा किलोमीटरांहून लांब मिठाची गुहा आहे.

घुमट अजून वर येतोच आहे. समुद्राने कोरलेल्या जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या आज उंचावर सापडतात. त्यांच्या वयावरून काढलेला वेग बेटाच्या मध्यभागी वर्षाला साधारण ५ मिलिमीटर आहे. पोर्तुगीज आरमार पहिल्यांदा इथे आलं १५०७ साली. त्यानंतर हा मध्यभाग अडीच मीटरांहून जास्त उचलला गेला असणार.

वर येताना मिठाने खोलातले खडकही ओढून आणले. म्हणून हे बेट रंगीबेरंगी आहे. लोहाच्या खनिजाने लाल झालेल्या एका किनाऱ्यावर लाटांचं पाणीसुद्धा तांबडं दिसतं. चिनी आरमाराबरोबर आलेल्या मा हुआन या दुभाष्याने पंधराव्या शतकात या डोंगराची चार अंगं नोंदवली. एका अंगाला तांबूस सैंधव, लोखंडी हत्याराने फोडून काढायचं. दुसऱ्या अंगाला गेरू. तिसऱ्याला भिंती सारवण्याजोगी पांढरी माती, चौथ्याला हळदीसारखी पिवळी. या सैंधवाच्या थाळ्या कोरून त्यात जेवत, मग अन्नात वेगळं मीठ घालावं लागत नसे, असंही तो लिहितो. स्थानिक बायका हा गेरू माशांच्या आंबवलेल्या कालवणात घालतात.

रोजचं दोन लाख लिटर पाणी

होर्मुझचं राज्य आधी मुख्य भूमीवर होतं. १३०० च्या सुमारास मंगोल टोळ्यांच्या धाडींना कंटाळून राजधानी या बेटावर हलवली गेली. हल्लेखोर घोड्यावरून येणारे होते, आणि समुद्र घोड्यांना अडवणारा होता. जागा सुरक्षित होती, पण प्यायला पाणी नव्हतं.

ऐन भरात या शहराची वस्ती चाळीस-पन्नास हजारांच्या घरात धरली जाते. माणशी रोज फक्त ५ लिटर पाणी धरलं तरी ४० हजारांना २ लाख लिटर लागतं. म्हणजे दिवसाला २०० टन आणि वर्षाला ७३ हजार टन. टाक्यांत साठवलेला तुटपुंजा पाऊस सोडला तर हे पाणी केश्महून आणि मुख्य भूमीवरून होड्यांनी यायचं. धान्य, फळं, भाजी, सरपण सगळं बाहेरूनच. जगात फार थोडी शहरं असतील ज्यांना रोजचा पहिला घोटसुद्धा आयात करावा लागला.

आणि तरी शहर वाढत गेलं, कारण इथून जाणाऱ्या प्रत्येक मालावर जकात होती. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास इथे आला. त्याने लिहून ठेवलंय की इथली जकात जबर आहे, सगळ्यातला दहावा हिस्सा घेतात. रेशीम, मोती, मसाले, कापड, घोडे, नीळ असं काहीही असो, दहातला एक भाग या मिठाच्या खडकावर उतरायचा. हेरातहून दक्षिण भारतात निघालेला राजदूत अब्दुर रझ्झाक १४४२ मध्ये इथूनच जहाजात चढला. इथे जगाच्या सातही मुलखांतले व्यापारी भेटतात, असं त्याने लिहिलं. मिंग सम्राटाच्या चेंग हे या सेनापतीचं आरमार तर चीनहून समुद्र ओलांडून इथवर येई. त्याच्या सातव्या मोहिमेत एकूण २७ हजारांहून अधिक माणसं होती. ती जहाजं १७ जानेवारी १४३३ ला होर्मुझला पोचली आणि ९ मार्चला परत फिरली. म्हणजे ५१ दिवसांचा मुक्काम, आणि तोही अशा बंदरात जिथे यजमानांचंच पाणी होडीतून यायचं.

शेपटीलाही पूर्ण किंमत

होर्मुझच्या व्यापाराचा सगळ्यात मोठा धागा आपल्या किनाऱ्याशी बांधलेला होता, आणि तो होता घोड्यांचा. दख्खनच्या आणि दक्षिणेच्या हवेत युद्धाचे चांगले घोडे निपजत नसत, टिकतही नसत. फौजेला मात्र ते दरसाल लागत. इराणी इतिहासकार वस्साफ तेराव्या शतकाबद्दल सांगतो की होर्मुझसह आखातातल्या बंदरांतून वर्षाला १०,००० घोडे मलबारपलीकडचा माबर, खंबायत आणि आसपासच्या बंदरांकडे जात. एका घोड्याची किंमत २२० सोन्याचे दिनार, एकूण २२ लाख दिनार. वाटेत घोडा मेला तरी किंमत विकत घेणाऱ्या राजाच्या खजिन्यातून मिळे.

तीनशे वर्षांनीही हा सौदा तसाच होता. फेर्नाव नुनीज हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी सोळाव्या शतकात विजयनगरात राहिला होता. राजा दरवर्षी होर्मुझचे आणि देशी मिळून १३,००० घोडे विकत घेतो, असा त्याचा आकडा आहे. विजयनगरचा आधीचा राजा सालुव नरसिंह याच्याबद्दल तो लिहितो की समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी राजा जिवंत घोड्याएवढे पैसे मोजायचा. दर होता तीन घोड्यांना हजार पारदांव नाणी. व्यापाऱ्याने आखात ओलांडून जहाजं भरत राहावं, एवढी ही गरज तीव्र होती.

निकितिनही याच आशेने होर्मुझहून एक घोडा घेऊन निघाला. मस्कत, गुजरात, खंबायत करत तो चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. घोडा तिथवर आणायला शंभर रुबल खर्च झाले, असं तो लिहितो. जुन्नरच्या असद खानाने घोडा काढून घेतला. धर्म बदल, नाहीतर हजार मोहरा दे, म्हणून चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला आणि पुढे बिदरला विकला गेला. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पंचवीसएक वर्षं आधी एक रशियन माणूस होर्मुझचा घोडा घेऊन कोकणात उतरला होता. चौलजवळ रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

पाचशे माणसं, १०७ वर्षं

घोडे जिथे चढतात ते बंदर आणि जिथे उतरतात ते बंदर, दोन्ही एकाच हातात आली तर दख्खनच्या फौजांची नाडी हातात येते. पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द अल्बुकर्क हे पुरतं जाणून होता. १५०७ च्या शरदात तो सहा-सात जहाजं आणि पाचशेच्या आत माणसं घेऊन होर्मुझसमोर आला. पोर्तुगीज वृत्तांतांत समोरच्या सैन्याचा आकडा पंधरा ते वीस हजार आहे. तो फुगवलेला असेल, पण पाच हजार धरले तरी एकास दहा असं प्रमाण पडतं. जहाजांवरच्या तोफांनी निकाल लावला. बालराजाने वर्षाला १५,००० अश्रफी खंडणी कबूल केली. किल्ल्याचं काम सुरू झालं, पण अल्बुकर्कचे स्वतःचेच कप्तान फुटले आणि त्याला माघार घ्यावी लागली. मधल्या काळात १५१० मध्ये त्याने घोडे उतरण्याचं बंदर, गोवा, घेतलं. १५१५ मध्ये परत येऊन होर्मुझ पक्कं केलं आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला, गोव्याच्या बंदरासमोर जहाजावरच त्याने प्राण सोडला. पुढची १०७ वर्षं गोवा आणि होर्मुझ एकाच कारभाराखाली होती.

शेवट पाण्यानेच केला. इराणचा शहा अब्बास आणि ईस्ट इंडिया कंपनी एकत्र आले, तेव्हा पोर्तुगीजांनी केश्मवर किल्ला बांधून तिथल्या विहिरी राखायचा प्रयत्न केला. १६२२ च्या सुरुवातीला तो किल्ला पडला. त्या वेढ्यात तोफेचा नेम धरण्यासाठी अंतर मोजताना विल्यम बॅफिन हा इंग्रज दर्यावर्दी गोळी लागून मेला. त्याचं नाव लाभलेला कॅनडा आणि ग्रीनलंडमधला बॅफिनचा उपसागर होर्मुझच्या सोळा हजार पट मोठा आहे. विहिरी गेल्यावर होर्मुझचा किल्ला फार काळ तगला नाही. वसंतात तो शरण गेला.

शहा अब्बासने शहर पुन्हा उभं केलं नाही. व्यापार वीसएक किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर नेला, त्या बंदराला स्वतःचं नाव दिलं, बंदर अब्बास. होर्मुझच्या घरांचे दगडसुद्धा तिकडे गेले. पंचेचाळीस वर्षांनी, १६६७ मध्ये, मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये अपार संपत्तीची खूण म्हणून होर्मुझचं नाव घातलं, तेव्हा त्या नावामागे लाल दगडांचा किल्ला, त्यातलं पाण्याचं टाकं आणि मिठाचे डोंगर एवढंच उरलं होतं.

नशीब कशाचं होतं

बेटाचं वैभव बेटाचं नव्हतंच, ते वाटेचं होतं. तीनशे वर्षं होर्मुझने जे मिळवलं ते काही पिकवून नाही, वाटेवर उभं राहून मिळवलं. म्हणून एका राजाच्या निर्णयाने ते एका पिढीत वीस किलोमीटर सरकू शकलं. वाट मात्र सरकली नाही, आणि तिला वळसा घालणं अवघड आहे. सौदीने लाल समुद्राकडे आणि अमिरातीने फुजैराकडे तेलाचे नळ टाकले आहेत. दोन्ही पूर्ण ताकदीने चालवले तरी २०२४ मध्ये सामुद्रधुनीतून जाणाऱ्या तेलाच्या निम्म्यालाही ते पुरत नाहीत. यातलं बहुतेक तेल आशियाकडेच येतं, आणि घेणाऱ्यांत चीन, जपान, कोरियाबरोबर भारत पहिल्या रांगेत आहे.

या सगळ्याच्या तळाशी पुन्हा तेच मीठ आहे. ५५ कोटी वर्षांपूर्वीचा तो थर आखाताखाली दूरवर पसरलेला आहे. तो जिथे पृष्ठभाग फोडून वर आला तिथे होर्मुझसारखी बेटं झाली. जिथे पृष्ठभागापर्यंत न येता त्याने वरचे खडक नुसते फुगवले, तिथे त्या फुगवट्यांत तेल अडकलं. बहरीन आणि कतारमधली काही तेलक्षेत्रं अशाच उंचवट्यांवर आहेत. मिठाने या बेटाला पाणी दिलं नाही, शेती दिली नाही, पण शेजारून रोज जाणाऱ्या कोट्यवधी पिंपांतली कित्येक त्यानेच साठवून ठेवली होती. बंदरं, राजे, कंपन्या आणि करार यांचे आकडे आपण शतकांत मोजतो. त्यांचा हिशेब लिहिणारं मीठ मात्र वर्षाला पाच मिलिमीटर वर येतं, आणि त्याला आपल्या कुठल्याच शतकाची घाई नाही. होर्मुझची बातमी वाचताना या दोन्ही वेगांची जाणीव ठेवली, तर तिथलं भांडण किती जुन्या जमिनीवर चाललंय हे कळतं, आणि त्याची किंमत आपल्या स्वयंपाकघरापर्यंत का पोचते हेही कळतं.