मैदान कुणाचे आणि करार कुणाशी?



खेळावर व्याख्यान म्हटले की बोलणाऱ्याने एखादा गाजलेला सामना रंगवून सांगावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही आज सामन्याविषयी बोलणार नाही. मैदान कुणाच्या पैशावर उभे राहते, ते जुने झाले की कुणाच्या पैशावर नवे होते आणि त्याची मिळकत कुणाच्या पदरात पडते, एवढाच हिशेब आपण आज मांडून पाहू.

हा विषय बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या लोकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनने २०२४ साली आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळच्या आमणे येथे, सुमारे ५० एकर जमिनीसाठी निविदा भरली. तेथे एक लाख प्रेक्षकांचे स्टेडियम बांधण्याचा मनोदय असोसिएशनने जाहीर केला. जमीन महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या हातची, म्हणजे सार्वजनिक. तेव्हा स्टेडियम व्हावे की होऊ नये, या वादात शिरण्याआधी व्यवहार कोणत्या अटींवर होतो ते समजून घेणे हे आपले काम आहे.

सरकारने स्टेडियमला पैसा दिला, असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धनादेश येतो. प्रत्यक्षात धनादेश क्वचितच दिसतो. सार्वजनिक पैसा बहुधा जमीन, पाणी, बंदोबस्त आणि करमाफी अशा वाटांनी जातो. अंदाजपत्रकात यांतल्या पुष्कळ रकमा छापल्याच जात नाहीत आणि जे छापले जात नाही त्यावर चर्चाही होत नाही. म्हणून एकेक वाट तपासू.

पहिली वाट जमिनीची. मुंबईत १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तिकिटांच्या वाटपावरून हा क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे पुढे बिनसले. तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष आणि संघटनेचेही अध्यक्ष असलेले शेषराव वानखेडे यांनी चर्चगेटजवळ सरकारी जमिनीवर दुसरे स्टेडियम उभे करविले. सुमारे तेरा महिन्यांत बांधकाम झाले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. ही जिद्द कौतुकाचीच होती, यात शंका नाही. पण जमीन सरकारची होती आणि ती पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली होती. तो पट्टा फेब्रुवारी २०१८ मध्ये संपला. पुढच्या वर्षी मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांनी थकबाकी आणि पट्ट्याच्या नूतनीकरणापोटी सुमारे १२० कोटी रुपयांची मागणी करणारी नोटीस असोसिएशनला पाठवली.

भाडेपट्टा म्हणजे काय, हे चाळीत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. जुन्या भाड्याच्या खोलीत राहणारा आणि समोरच्या नव्या इमारतीत राहणारा, यांच्या भाड्यातला फरक कोणीतरी सोसत असतो. चाळीत तो घरमालक सोसतो. सरकारी जमिनीचा मालक म्हणजे आपण सर्व, तेव्हा तेथे तो फरक आपण सोसतो.

आता नूतनीकरणाकडे या. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियम जवळजवळ नव्याने बांधले गेले. आसनांची संख्या घटून सुमारे ३३ हजार झाली आणि सोयी वाढल्या. त्या वर्षी २ एप्रिलला भारताने तेथेच विश्वचषक जिंकला, तेव्हा आपणही रस्त्यावर उतरून नाचलो. पण कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. कारखान्यात नवे यंत्र आले की जुना करार तसाच ठेवायचा नसतो. यंत्राने उत्पादन वाढते, म्हणून वाढीव उत्पन्नातला वाटा त्याच दिवशी ठरवून घ्यायचा असतो. नंतर मागायला गेले तर मालक म्हणतो, तेव्हा का बोलला नाहीत? स्टेडियमचे नूतनीकरण म्हणजे नवे यंत्रच होय. त्याच वेळी जमिनीचा मालक या नात्याने जनतेने नवा करार मागायला हवा, आणि नेमक्या त्याच वेळी आपण टाळ्या वाजवण्यात गुंतलेले असतो.

दुसरी वाट पाण्याची. २०१६ सालचा दुष्काळ आठवा. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. आपल्या भागातही पाणीकपात इतकी कडक होती की आठवड्यातले काही दिवस नळ कोरडे असत. त्याच एप्रिलमध्ये आयपीएलच्या सामन्यांसाठी मुंबई, पुणे आणि नागपूर येथील मैदाने हिरवी ठेवायची होती. तीन मैदानांना मिळून सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असे मुंबई उच्च न्यायालयात सांगण्यात आले. १३ एप्रिल रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला.

येथे आपण प्रामाणिकपणे हिशेब केला पाहिजे. ६० लाख लिटर म्हणजे माणशी रोज १३५ लिटर धरल्यास सुमारे ४४ हजार लोकांचे एका दिवसाचे पाणी. बारवी धरण पूर्ण भरले की त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३४ हजार कोटी लिटर पाणी मावते. त्या मानाने ६० लाख लिटर म्हणजे छप्पन्न हजारांत एक हिस्सासुद्धा नाही. मैदानाला पाणी दिल्याने आपली घागर रिकामी राहिली, असे कोणी सांगितले तर ते खरे नव्हे. मग न्यायालयाने केले ते चुकले काय? आमच्या मते नाही. प्रश्न पाण्याच्या मापाचा नसून पाळीचा होता. रांगेत पुढे कोण उभा राहणार, पिणारा की खेळणारा, हे आधी लिहून ठेवलेले नव्हते. म्हणून ते ऐन टंचाईत न्यायाधीशांना ठरवावे लागले.

तिसरी वाट बंदोबस्ताची. सामना असला की शेकडो पोलीस तेथे उभे राहतात. त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून जातो, म्हणून आयोजकांकडून शुल्क घेण्याची पद्धत आहे. २०२३ च्या जूनमध्ये राज्य सरकारने हे शुल्क घटवले आणि ही सवलत मागच्या तारखेने, २०११ पासून लागू केली. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. २०२४ साली झालेल्या सुनावणीत न्यायमूर्तींनी झोपडपट्टीतल्या माणसाच्या पाणीपट्टीशी या माफीची तुलना करून सरकारला खडसावले. या ठिकाणी एक आकडा ध्यानात ठेवावा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले आहेत. गरीब संस्थेला सवलत देणे समजू शकते. पण ज्या धंद्याच्या मिळकतीचा आकडा असा आहे, त्याला मागच्या बारा वर्षांची सूट कशासाठी, हे विचारण्याचा अधिकार पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

कोणी म्हणेल, स्टेडियम आले की गावाला रोजगार मिळतो, हॉटेले चालतात, भरभराट होते. रोजगाराच्या शब्दाला आम्ही फार मान देतो, म्हणूनच तो तपासून घेतो. आयपीएलच्या एका संघाचे साखळीतले घरचे सामने असतात सात. आणखी काही आंतरराष्ट्रीय सामने मिळाले तरी वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी मोठ्या गर्दीचे दिवस बोटांवर मोजण्याइतकेच. फाटकावरचा माणूस, खुर्च्या पुसणारी बाई, पाण्याच्या बाटल्या विकणारा पोरगा यांना त्या दिवसांपुरते काम मिळते आणि तेही बहुधा ठेकेदाराच्या हाताखाली. ज्या कामावर वर्षभर चूल पेटत नाही, त्याला आम्ही रोजगार म्हणत नाही. शिवाय कुटुंबाचा करमणुकीचा पैसा ठरलेला असतो. तो तिकिटावर गेला की नाटकाला, सिनेमाला, गावच्या खानावळीला तेवढा कमी मिळतो. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबलिस्ट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात हाच निष्कर्ष निघाला. स्टेडियमवर घातलेला सार्वजनिक पैसा गावच्या उत्पन्नवाढीतून वसूल होत नाही.

आणि संघ निघून गेला तर? पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल राज्य सरकारने १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधले. २०१४ पासून एफसी पुणे सिटी हा धंदेवाईक फुटबॉल संघ तेथे घरचे सामने खेळू लागला. २०१९ साली संघाच्या मालकांना आर्थिक अडचण आली, संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. संघाला चाके असतात, मैदानाला नसतात. बालेवाडीचे मैदान जनतेचे होते, म्हणून संघ गेला तरी ते खेळाडूंच्या उपयोगी राहिले. ते केवळ त्या संघासाठी बांधले असते तर गाढवही गेले आणि ब्रह्मचर्यही गेले, अशी गत झाली असती.

याच बाबतीत अमेरिकेतले दोन दाखले पाहण्यासारखे आहेत. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे छोटे शहर आहे. तेथला पॅकर्स हा फुटबॉल संघ एका धनिकाचा नाही, हजारो लहान भागधारकांचा आहे, आणि त्याचे मैदान शहराच्या मालकीचे आहे. मैदानाचे नूतनीकरण करायचे ठरले तेव्हा, २००० साली, लोकांचे मत घेण्यात आले. अर्धा टक्का विक्रीकर बसवायला लोकांनी होकार दिला. २००३ साली काम पुरे झाले, देणे फिटले आणि २०१५ साली तो कर बंदही झाला. दुसरा दाखला मिझुरी राज्यातल्या जॅक्सन काउंटीचा. तेथे एका स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी आणि एका नव्या मैदानासाठी पुढची चाळीस वर्षे कर चालू ठेवावा, असा प्रस्ताव एप्रिल २०२४ मध्ये मतदारांपुढे आला. शंभरांतल्या अठ्ठावन्नांच्या आसपास लोकांनी तो फेटाळला. तीन महिने होण्याच्या आतच शेजारच्या कॅन्सस राज्याने कायदा केला की तुम्ही आमच्याकडे या, स्टेडियमच्या खर्चाचा मोठा भाग आम्ही कर्जरोख्यांतून उभारू.

गिरणीच्या फाटकावर उभे राहिलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटेल. एक कामगार दहा रुपयांवर अडला की मालक दुसऱ्याला विचारतो, तू आठ रुपयांत येतोस काय? युनियन जन्माला आली ती याच प्रश्नाला उत्तर म्हणून. शहरांची मात्र युनियन नाही. एका गावाने अट घातली की संघ दुसऱ्या गावाकडे बोट दाखवतो. मग दोन्ही गावे एकमेकांपेक्षा जास्त देऊ करतात आणि जिंकणारे गावच सगळ्यांत जास्त हरते.

पण आपल्याच उशाशी एक निराळा दाखला आहे, तो म्हणजे बारवी धरण. औद्योगिक विकास महामंडळाने ते बांधले. आपल्या भागातल्या शहरांना आणि औद्योगिक वसाहतींना त्याचे पाणी जाते. उल्हासनगरला तर स्वतःचा असा पाण्याचा स्रोतच नाही. पाण्यासाठी ही शहरे भांडतात खरी, पण कुणाला किती याचा कोटा कागदावर ठरलेला असतो आणि भांडण त्या कागदावरून चालते. धरणाची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातल्या ज्या वाड्यापाड्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. अखेर सरकारला मान्य करावे लागले की महामंडळाने आणि पाणी घेणाऱ्या नगरपालिका-महानगरपालिकांनी बाधित कुटुंबांतल्या माणसांना नोकऱ्या द्याव्यात. अंमलबजावणी रखडली, त्यासाठीही झगडावे लागले. तरी तत्त्व पक्के झाले की ज्याला लाभ त्याच्यावर देणे, आणि ते लेखी.

आमचे म्हणणे इतकेच की जो न्याय शेतकऱ्याच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या धरणाला लागू झाला, तोच जनतेच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या स्टेडियमला लावावा. पहिली अट, जमिनीचे भाडे दर दहा वर्षांनी आणि प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी नव्याने ठरवावे. दुसरी, टंचाईत पिण्याचे पाणी आधी आणि मैदानाला केवळ शुद्ध केलेले सांडपाणी, हे करारातच लिहावे. तिसरी, बंदोबस्ताचे शुल्क सामन्याआधी भरावे आणि मागच्या तारखेने कोणालाही सूट नसावी. चौथी, सामने नसतील त्या दिवसांतले ठरावीक दिवस शाळांना आणि गावच्या क्लबांना मैदान मोफत मिळावे. पाचवी, तेथे राबणाऱ्या ठेकेदारी कामगाराला किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा मिळतो की नाही, याची जबाबदारी मैदान चालवणाऱ्या संस्थेवर असावी. आणि सहावी अट आपल्या स्वतःसाठी. जिल्ह्यातल्या नगरपालिका-महानगरपालिकांनी एकत्र बसून या अटी ठरवाव्यात, म्हणजे एका शहराला दुसऱ्यावर घालून भाव पाडता येणार नाही.

यात खेळाचा द्वेष नाही. आमच्या कामगार वस्त्यांनी क्रिकेट आणि कबड्डी यांवर जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच कोणी केले असेल. मैदाने व्हावीत, जुनी मैदाने नवी व्हावीत, आपल्या पोरांनी तेथे खेळावे. पण जमीन, पाणी आणि पोलीस आपले असतील तर त्या धंद्यात आपण भागीदार आहोत, आणि भागीदाराने वही पाहायला मागितली तर तो उपद्व्याप ठरत नाही. आमण्याचा असो की आणखी कुठला, करार सहीसाठी पुढे येईल तेव्हा तो आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे वाचायला मागा. सही झाल्यावर मागून काही उपयोग होत नाही, हे कामगारांनी फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.