पोर्चमधल्या फियाटचं दशक

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या वर्तमानपत्रांना एकाएकी उमाळा आला. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची झाली होती. टॅक्सीला तिथे वीस वर्षांपुढे धावू देत नाहीत, त्यामुळे सोमवार, ३० ऑक्टोबरपासून शहरातली काळी-पिवळी फियाट कागदोपत्री संपली. फोटो छापून आले, एक तरी गाडी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. दहा वर्षांपूर्वी हिलाच खटारा म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्या आठवड्यात गहिवरून आलं.

पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात एक छोटा गोतावळा मात्र या शोकसभेत नव्हता. घराच्या पोर्चमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःची फियाट स्वतःच्या हातांनी उभी करणाऱ्यांचा. त्यांचा प्रश्न रोकडा होता: आता पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचा सेट कुठे मिळणार?

हा प्रश्न समजायला थोडं मागं जावं लागतं, पण फार नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्या जुळवल्या गेल्या, मग पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० आली. तिचा पहिला अवतार म्हणजे पुढची दारं उलटी उघडणारी ‘डुक्कर फियाट’. मागून एलिगंट, सुपर सिलेक्ट, १९६४ची डिलाइट. लालबहादूर शास्त्रींनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढून घेतली ती याच काळातली. सत्तरीत फियाटचं नाव जाऊन गाडी ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४पासून ‘पद्मिनी’. त्यानंतरची दहा वर्षं म्हणजे पैसे भरून नंबर लागण्याची वाट बघणं. त्या काळाबद्दल आज कोणी हळवं होऊन बोलू लागलं, तर वाट बघणाऱ्यांपैकी कोणाला तरी विचारून घ्यावं. गाडी फारशी बदलत नव्हती, कारण बदलण्याची गरज कंपनीला वाटत नव्हती. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली आणि ती गरज उशिरा का होईना पटली.

खरी गंमत सुरू झाली ती साधारण १९९६ ते २००६ या दहा वर्षांत. कंपनीच्या दृष्टीने हे मरणाचे दिवस होते. फ्लोअर गिअरवाली ‘एस वन’ आणि डिझेलवाली ‘१३७ डी’ ही शेवटची धडपड झाली आणि नव्या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबलं. १९९८मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या. घरोघरची वीस वर्षं जपलेली फियाट रातोरात ओशाळवाणी वाटू लागली. जावयाला घ्यायला स्टेशनवर तीच गाडी न्यायची म्हणजे घरात चर्चा. अशा वेळी नव्या मोटारसायकलच्या पैशांत, कधी त्याहूनही कमीत, चालू स्थितीतली पद्मिनी मिळायची. कोणी ती ‘वारसा’ म्हणून घेत नव्हतं. बँकेतला कारकून, तंत्रनिकेतनातला मास्तर, टेल्को किंवा किर्लोस्करमधला फिटर, कॉलेजातली दोन पोरं मिळून एक गाडी, असे हे लोक. मोटारींचा शौक म्हणजे अहमदाबादजवळ कठवाड्याच्या ‘दास्तान’ इस्टेटीत एका शेठजींनी जमवलेल्या रोल्स रॉइस, असं समजणाऱ्या देशात गाडी खोलून पुन्हा जुळवण्याची ऐश पगारदार माणसाच्या आवाक्यात पहिल्यांदाच आली होती.

ही ऐश आवाक्यात आली ती टॅक्सीमुळे. टॅक्सीचं हे ऋण त्या दिवसांत कोणी धड मानलं नाही. शेजारी चेष्टेने विचारायचे, “काय हो, पिवळा टप कधी लावताय?” आणि हौशी मंडळी चिडायची. पण मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या रोज धावत होत्या, रोज झिजत होत्या, म्हणूनच त्यांच्यासाठी पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट, वॉटरपंप आणि ब्रेकचे रबरी वायसर दिवसरात्र बनत होते. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत किंवा पुण्याच्या नाना पेठेत काउंटरवर नुसतं “फियाट, रिंगसेट” म्हटलं की माणूस मागे न बघता फळीवरून डबा काढायचा. जे नवं मिळत नाही ते कुर्ल्याच्या भंगारात, शुक्रवारी चोरबाजारात, नाहीतर बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात. दाराची मूठ, डॅशबोर्डवरचं घड्याळ, हेडलाइटची क्रोमची कडी, सगळं गोणपाटावर मांडलेलं. हौशी माणसाच्या घरची फियाट टॅक्सीच्या पंगतीत बसून जेवत होती. वाढपी टॅक्सीवाल्यांसाठी आला होता, हिच्या पानात आपसूक पडत होतं.

काम मुळात अवघड नव्हतं, चिकाटीचं होतं. १०८९ सीसीचं इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५चा स्ट्रोक, खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. ही जोडी सगळ्या दुखण्यांची आई. पाणी आटलं, इंजिन तापलं की हेड वाकणार, गास्केट उडणार, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसणार. मग हेड उतरवून रिक्षाने लेथवाल्याकडे फेसिंगला न्यायचं. पोर्चच्या तुळईला चेनपुली लावून दोघा-तिघांत इंजिन वर काढता येई. बोअरिंग किती वेळा झालंय ते पिस्टनवरच्या आकड्यावरून कळे. वाढवायला जागाच उरली नसेल तर स्लीव्ह मारून पुन्हा मूळ मापावर यायचं. जुळणी झाल्यावर पहिल्यांदा सेल्फ मारायचा तेव्हा फायरिंग ऑर्डर, एक-तीन-चार-दोन, मनात म्हणत प्लगच्या वायरी पुन्हा तपासायच्या. तरीही कार्बोरेटरमधून फाट् आवाज यायचाच, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत यायच्या.

खरा शत्रू गंज. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली गाडी वरून कितीही चकचकीत असो, फ्लोअरचं मॅटिंग उचललं की खालचा रस्ता दिसे. दारांची खालची कड, सिलचा पत्रा, स्टेपनीचा खळगा, बॅटरीखालची पट्टी या जागा ठरलेल्या. आधीच्या मालकाने तिथे लांबी भरून वर रंग मारलेला असायचा. लोहचुंबक लावून बघितलं की तो चिकटायचा नाही आणि लबाडी उघडी पडायची. डेंटर घरी बोलवायचा, गॅस वेल्डिंगचं सिलिंडर हातगाडीवरून आणायचं, जुना पत्रा कापून नवा घडवायचा. या कामाला पैसे कमी आणि दिवस जास्त लागत. डेंटर येतो म्हणून सांगून न येणं हा तर धंद्याचा स्थायीभाव.

रंग मात्र घरी होऊ शकत होता, आणि त्याला कारण होतं. त्या वेळचा ड्यूको म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग. थिनर उडून गेलं की तो सुकतो, धूळ बसली तर वॉटर पेपरने घासून पुन्हा हात मारता येतो, शेवटी पॉलिशने चमक काढता येते. भाड्याचा कॉम्प्रेसर, ओल्या गोणपाटांचे पडदे आणि दुपारची कोरडी हवा एवढ्यावर भागे. पावसाळ्यात मात्र मारायचा नाही, दमट हवेत तो पांढुरका पडतो. पुढे टू-के पॉलियुरेथेन रंग आला. तकाकी कितीतरी सरस, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक. त्याला बूथ हवा, श्वासाचं धड साधन हवं. घरच्या पोर्चमधून काम बाहेर पडलं त्याची सुरुवात इथे झाली. हे थोडं तरी न्याय्य कारण होतं, पुढची तेवढी नव्हती.

आता बदलांबद्दल. त्या दशकात कोणी ‘रिस्टोमॉड’ वगैरे म्हणत नव्हतं, नुसतं “थोडं काम केलंय” म्हणत. पहिला बळी स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर. त्याच्या दांड्यांमधले बुश झिजले की गिअर अडकायचा. मग भर चौकात बॉनेट उघडून हाताने दांडी जागेवर आणायची आणि मागच्या पीएमटीच्या ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या. म्हणून फ्लोअरला भोक पाडून गिअर खाली आणला गेला. डायनामो काढून अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, साध्या टायरच्या जागी रेडियल, मारुतीची बकेट सीट. बोरघाटात पेट्रोलपंप तापून पेट्रोलची वाफ अडकली की त्यावर ओलं फडकं टाकणं हा पिढीजात उपाय होता. त्याऐवजी विजेचा पंप बसवला गेला. पैसेवाल्यांनी प्रीमियरच्याच ११८ एनईचं निस्सान इंजिन आत बसवलं. २००२मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि चार चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी तिथे किती जीवघेणी आहे ते सगळ्यांना कळलं. डिस्क ब्रेकची हौस निव्वळ हौस उरली नाही.

याच सुमारास ‘मूळ रूप’वाल्यांचा पंथही जोमात आला. वायपरची पाती कोणत्या कंपनीची, हॉर्नच्या बटणावरचं चिन्ह कोणत्या वर्षाचं, यावर ही मंडळी गाडीचा निकाल लावत. रॅलीत गाडी उभी केली की बॉनेटमध्ये डोकं घालून ‘च्च’ करायचे. त्यांच्यामुळे बऱ्याच गाड्यांची शोभा वाचली हे कबूल करावं लागेल. पण ज्याच्या गाडीला रोज ऑफिसला जायचं होतं, त्याला अल्टरनेटर लावल्याबद्दल पापी ठरवण्याचा अधिकार यांना कोणी दिला होता? यातले काही ट्रेलरवर गाडी घालून रॅलीला आणत. ती दहा किलोमीटर चालवली असती तर त्यांच्याच मूळ कार्बोरेटरने त्यांना घाम फोडला असता. आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी! पार्किंगमध्ये ऑइलचे डाग पडतात, जॅकवर उभी गाडी ‘अशोभनीय’ दिसते, अशी पत्रं त्यांनी लिहिली. आता त्याच सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पद्मिनीचे फोटो ‘ते सोनेरी दिवस’ म्हणून फिरतात.

उतरण टॅक्सीपासून लागली. २००८मध्ये टॅक्सीचं वय पंचवीस वर्षांवर बांधलं गेलं, २०१३मध्ये वीसवर. शहराच्या हवेसाठी आणि प्रवाशांच्या हाडांसाठी तो निर्णय बरोबरच असेल. पण झिजणाऱ्या गाड्या भंगारात गेल्या तसे सुटे भाग बनवणारेही दुसऱ्या धंद्याला लागले. फळीवरचे डबे संपत गेले, परत भरले गेले नाहीत. मधल्या काळात, २०१६मध्ये, कोल्डप्लेच्या गाण्यात मुंबईची पद्मिनी टॅक्सी रंगीबेरंगी कापडाची सीट मिरवत झळकली. जगाला ती आवडली, तेव्हा इथे तिचे वॉटरपंप मिळेनासे झाले होते.

मग कायदा आला. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला: निर्मात्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मालकाला बदल करता येणार नाही. २०२१च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. त्यानंतर ती रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्तीपुरती. पावसाळी रविवारी घरच्यांना घेऊन पानशेतला जाऊन भजी खाणं या यादीत नाही. गाडी वाचवणाऱ्या माणसाला तिच्यात बसून कुठे तरी जायचं असतं, ही शक्यता नियम लिहिणाऱ्यांच्या मनात आलेली दिसत नाही.

पन्नाशीच्या आतल्यांची दशा आणखी वेगळी. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२मध्ये सहाशेवरून पाच हजार झालं, ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी दहा हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. त्याच वर्षी उच्च सुरक्षा पाट्यांच्या मुदतींमागून मुदती आल्या, आणि ब्रशने रंगवलेल्या, ‘एमएच’ येण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या पाट्या उतरल्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीच्या टाकीला, होसपाइपला, कार्बोरेटरच्या गास्केटला हा नको असलेला पाहुणा. नव्या गाड्यांना ते चालतं. जुन्यांसाठी साध्या पेट्रोलचा एखादा वेगळा नॉझल ठेवावा, एवढंही झालं नाही.

अजूनही काही पोर्चमध्ये कामं चालू आहेत. नायलॉनचे बुश लेथवर वळवून घेतले जातात, होस बदलून इथेनॉल सोसणारे टाकले जातात, किंगपिनसाठी दोन राज्यं पालथी घातली जातात. पैसेवाला मात्र आता गाडी थेट वर्कशॉपला देतो आणि वर्षभराने झगमगती परत घेतो. लग्नाच्या फोटोसाठी तिला मागणी आहे.

१९७४ची पहिली पद्मिनी २०२४मध्ये पन्नाशीची झाली, म्हणजे शेवटची टॅक्सी गेल्यावर वर्षभरातच. १९८८च्या एखाद्या गाडीची पाळी २०३८मध्ये येईल. तेव्हा तपासणीचा अधिकारी मॅटिंग उचलेल, फ्लोअरला २००१मध्ये गिअरसाठी पाडलेलं ते भोक बघेल, आणि त्याला मूळ रूपातला फेरबदल म्हणायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर ठरेल.