युरिया, युरिक ॲसिड आणि पायाचा अंगठा



खोडव्याची पाहणी करताना आम्ही एका ज्येष्ठ सभासदांच्या बांधावर गेलो, तर एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा अशा अवस्थेत ते लंगडत सामोरे आले. अंगठा लालभडक, टम्म सुजलेला. रात्री पांघरुणाचा काठ लागला तरी जीव जातो, म्हणाले. रक्ततपासणीचा कागद खिशातच होता. युरिक ॲसिड ८.९.

"साहेब, तुमच्या युरियाच्या गोण्यांचा हा परताप! डाळ सोडली, पालक सोडला, खोडव्याला युरियाबी टाकला नाही औंदा."

आम्ही शेतकी खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न आम्हाला बांधावर वरचेवर विचारला जातो, म्हणून जाणकार डॉक्टरांकडून समजून घेऊन येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, उसाला टाकलेल्या युरियाचा या दुखण्याशी काही संबंध नाही. नावे जवळची, वस्तू वेगळ्या. शरीरातील प्रत्येक पेशीत प्युरीन नावाचे घटक असतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यांचे युरिक ॲसिड होते. सुमारे दोन तृतीयांश असे घरातच तयार होते, अन्नातून येते ते एक तृतीयांश. बऱ्याच जनावरांच्या अंगात ते पुढे मोडून टाकणारा रस असतो, माणसाकडे तो राहिलेला नाही. त्यामुळे ते बाहेर टाकण्याचे बहुतेक काम मूत्रपिंडाला करावे लागते.

जमीन खारपड कशी होते, हे आपल्याला सांगायला नको. पाणी देत राहायचे, निचरा मात्र बंद. मग क्षार वर येऊन पांढरे फुटतात. येथेही तसेच घडते. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत युरिक ॲसिड विरघळून राहते. त्यापुढे त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसू लागतात, आणि अंगठा हा शरीराचा लांबचा, थंड भाग असल्याने बहुधा पहिला मान त्याचा. खडे वर्षानुवर्षे गप्प असतात. मग एका रात्री शरीर त्यांच्यावर तुटून पडते, तीच ती सूज. मूत्रपिंडातही खडे होतात. बहुतेकांच्या बाबतीत आवक फार नसते, निचराच कमी पडतो. त्याला घराण्याचा गुण, वाढलेले वजन, थकलेले मूत्रपिंड, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या अशी कारणे असतात. (गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.)

आता, काहीही दुखत नाही आणि कागदावर ७.४ आले म्हणून घाबरणारेही पुष्कळ भेटतात. पुरुषांत ७ आणि स्त्रियांत ६ पर्यंत ठीक मानतात; पण त्याहून जास्त असलेल्या बहुतेकांना हे दुखणे कधीच होत नाही. वाढलेले युरिक ॲसिड उतरवले तर मूत्रपिंड आणि हृदय वाचेल, अशी मोठी आशा होती. परंतु २०२० साली मूत्रपिंडाच्या आणि २०२२ साली हृदयाच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून नुसत्या आकड्यासाठी सहसा औषध देत नाहीत. रक्तदाब, रक्तातील साखर आणि क्रिएटिनिन मात्र तपासून घ्यावे, कारण ही दुखणी बरेचदा जोडीने येतात.

आम्हाला खरी काळजी आहे ती दुसऱ्या मंडळींची. आमच्या गटातील एक सभासद. अंगठा धरला की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची, दोन दिवसांत तोडणीवर हजर. अशी बारा-तेरा वर्षे काढली. झटका आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआपही ओसरतो. श्रेय गोळीला जाते आणि खडे जागच्या जागी राहतात. या गोळ्या वारंवार घेतल्या की भार पडतो तो मूत्रपिंडावर, म्हणजे निचऱ्याचा चरच आपल्या हाताने बुजवायचा. आज ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात.

झटके वारंवार येत असतील तर ॲलोप्युरिनॉल हे १९६६ पासून वापरात असलेले औषध आहे. डॉक्टर थोड्या मात्रेपासून सुरू करून आकडा ६ च्या खाली येईपर्यंत वाढवतात, आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. खडे विरघळताना पहिले काही महिने झटके वाढूही शकतात. तेवढ्याने सोडू नये. अंगावर पुरळ उठले तर मात्र तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा. आणखी एक, ऐन झटक्यात रक्तातला आकडा साधा दिसू शकतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

डाळीवरचा राग उगाच आहे. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांची १२ वर्षे पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली आले. मांस-मासळीने धोका वाढला. प्युरीन असलेल्या डाळी-भाज्यांनी नाही, दुधाने तर कमी झाला. म्हणजे वरण, पालक, ताक खुशाल घ्या. बोकडाची कलेजी, सुकट आवरा. बिअर सर्वांत वाईट, देशी तिच्या मागोमाग.

आणि साखर! कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना हात अडखळतो, पण लपवणे बरे नव्हे. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि ते मोडताना यकृतात युरिक ॲसिड तयार होते. गूळही त्याच वाटेचा. २००८ च्या एका पाहणीत दिवसाला दोन किंवा अधिक गोड शीतपेये पिणाऱ्या पुरुषांत हे दुखणे होण्याचा धोका ८५ टक्के जास्त आढळला. सभासद म्हणून मिळणारी सवलतीची साखर घरच्या सगळ्यांची, पाहुण्यारावळ्यांची आहे. एकट्याने चहातून संपवायची नाही. उन्हात काम करताना पाणी मात्र भरपूर प्या. डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितले असेल त्यांनी तेवढेच.

बांधावरचे ते सभासद आता डॉक्टरांच्या औषधावर आहेत आणि घरी वरण पुन्हा शिजते. खोडव्याचा युरियाचा हप्ता मात्र चुकला तो चुकलाच. पाने पिवळट आहेत, फुटवेही कमी. उरलेली मात्रा वेळेत द्यायची कबुली आम्ही त्यांच्याकडून घेतली आहे.

– ऊस विकास अधिकारी