हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी?

मोहाडी, पवनी, साकोली, लाखांदूर या भागांत फिरून मी रोवणीची गाणी, दंडारीतली गाणी आणि झाडीबोलीतल्या गोष्टी ध्वनिमुद्रित करत आलो आहे. हा सगळा ठेवा आता संगणकात आहे. बांधीतल्या चिखलात उभं राहून ज्या म्हाताऱ्या बायांनी ही गाणी म्हटली, त्यांतल्या कितीतरी जणी आज हयात नाहीत. फाइल गेली, तर गाणं पुन्हा म्हणायला कोणी नाही. तुमच्या घरच्या लग्नाच्या फोटोंचं, दुकानाच्या हिशेबाचंही तसंच आहे. म्हणून लोक मला नेहमी विचारतात, "भाऊ, बॅकअपसाठी न बिघडणारी हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची?"

माझं उत्तर ऐकून ते नाराज होतात. न बिघडणारी डिस्क कोणतीच कंपनी बनवत नाही.

याचं कारण समजून घेऊ. हार्ड डिस्कच्या डबीत चकत्या असतात. त्या मिनिटाला साधारण ५,४०० वेळा फिरतात. माहिती वाचणारं टोक चकतीला न टेकता हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. ते अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी असतं. चालू डिस्कला धक्का बसला की टोक चकतीवर घासू शकतं. शिवाय मोटार झिजते. थोडक्यात, ते एक यंत्र आहे आणि यंत्र कधी ना कधी थांबतंच.

कंपन्यांच्या माहितीपत्रकात काही डिस्कांपुढे "दहा लाख तास" असा आकडा असतो. म्हणजे ११४ वर्षं! पण तो एका डिस्कचा आयुष्यकाळ नव्हे, तो पुष्कळ डिस्कांवरून काढलेला हिशेब असतो. त्या हिशेबाने वर्षाला शंभरात एकही डिस्क जायला नको. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षात वर्षाला शंभरात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तर तेरापर्यंत. त्याच वर्षी गूगलनेही आपल्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक दाखवणारी डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांपेक्षा ३९ पट जास्त आढळली. तेव्हा टकटक आवाज येऊ लागला किंवा फाइल उघडायला फार वेळ लागू लागला, तर आधी प्रत काढा, मग कारण शोधा. डिस्क अजिबातच दिसत नसेल, तर केबल बदलून पाहा. कित्येकदा दोष तेवढाच असतो.

आता वॉरंटीबद्दल. माझी एक डिस्क चौदा महिन्यांत टकटकू लागली. वॉरंटी होती, नवी डिस्क मिळाली, पण कोरी! वॉरंटी डबीची असते, आतल्या गाण्यांची नसते. दुसरी प्रत होती म्हणून गाणी वाचली.

एसएसडीत फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती धक्के बरे सोसते. मात्र तिच्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वीज न देता ठेवली, तर तो हळूहळू गळतो आणि उष्णतेने जास्तच गळतो. घरगुती एसएसडीचं प्रचलित मानक असं की, पूर्ण वापरून झालेल्या एसएसडीने ३० अंश तापमानात वीज नसताना वर्षभर माहिती धरून ठेवावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा एसएसडी कपाटात ठेवून विसरू नका, दर दोन-तीन महिन्यांनी संगणकाला जोडा. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करण्यापुरता. आणि अगदी स्वस्तात अवाढव्य क्षमता सांगणारा पेनड्राइव्ह बहुधा बनावट असतो. तो जागा खोटी दाखवतो आणि भरत गेलं की फाइली खराब होतात.

मग विकत काय घ्यावं? एक महागडी डिस्क घेण्याऐवजी दोन साध्या घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. पक्कं बिल घ्या. नवी डिस्क एकदा पूर्ण भरून, फाइली उघडून पाहा. डेस्कटॉप संगणकाला यूपीएस लावा, कारण प्रत निघत असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने प्रचलित केलेला नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं, ते आठवा. एका कपाटातल्या दोन डिस्का पुरापुढे एकच. माझी तिसरी प्रत नागपूरला बहिणीकडे असते. पोळ्याला आणि होळीला जातो, तेव्हा ती बदलून आणतो. इंटरनेटवर प्रत ठेवणंही चांगलं. फक्त एवढं लक्षात ठेवा की, आपोआप जुळवणाऱ्या सोयीत इथे पुसलेलं तिथेही पुसलं जाऊ शकतं.

शेवटची गोष्ट, प्रत तपासण्याची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक कंपनीत चुकून माहिती पुसली गेली. तिच्याकडे बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या आणि ऐन वेळी एकही धड चालली नाही. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती होती, तिच्यावर निभावलं.

आपला धान पिकवणारा शेतकरी बियाणं खायच्या धानात मिसळत नाही आणि पेरण्याआधी मूठभर भिजवून उगवण पाहतो. माहितीचंही तेच करा. या रविवारी बॅकअपमधल्या कोणत्याही पाच फाइली उघडून पाहा. उघडल्या, तर कंपनी कोणतीही असो, तुमचा बॅकअप चांगला. नाही उघडल्या, तर मूळ फाइली शाबूत आहेत तोवरच नवी प्रत काढून घ्या.