घर पक्कं झालं, मग दाराला कुलूप का?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले जास्तीचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' कापलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण गाडीतच संसार थाटणाऱ्यांबद्दल बोललो होतो. काम लॅपटॉपवर, घर चाकांवर, आज गोकर्ण तर महिन्याने स्पिती. त्यावर एका श्रोत्याने मेसेज केला: "दादा, अशी वर्षानुवर्षं फिरणारी माणसं नंतर एका जागी राहायला लागली की त्यांना जमतं का? चार भिंती टोचत नाहीत का?"

उत्तर शोधायला मी आधी अमेरिकेतले व्हिडिओ बघत बसलो. मग लक्षात आलं, मी राहतो कर्जतला. माझ्या तालुक्यात आणि शेजारच्या खालापुरात दरवर्षी कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर अख्खा संसार टेम्पोत भरून निघतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळं सोबत. आणि आत्ता त्यांच्यातल्याच अनेकांची पक्की घरं होतायत. तेव्हा हा प्रश्न इथेच विचारून बघूया.

ही माणसं कातकरी. खैराच्या लाकडापासून कात काढायचा, त्यावरून कातकरी किंवा काथोडी. ब्रिटिशांच्या काळात जंगल सरकारी झालं, खैर तोडायची बंदी आली, कात संपला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मुंबईला कोळसा लागायचा. घराघरात गॅस आला, कोळसाही गेला. आता उरलंय ते वीटभट्टीचं काम, कारण कल्याणपासून पनवेलपर्यंत सगळीकडे बांधकाम चालूच आहे. सगळेच कातकरी भट्टीवर जातात असं नाही. कुणी नदीवर मासे धरतं, कुणी फार्महाऊसवर माळीकाम करतं, कुणी नोकरीत आहे. पण बऱ्याच वाड्यांवर जानेवारीत गेलात तर अर्धी दारं बंद दिसतील.

मी गेलो होतो, कर्जत-मुरबाड रस्त्याच्या आतल्या बाजूला. नवी घरं, निळे दरवाजे, भिंतीवर योजनेचं नाव रंगवलेलं. बाहेर एक आजी शेळ्या राखत बसलेली. विचारलं, "आजी, घरातली मंडळी कुठंयत?" म्हणाली, "गेलीत भट्टीवर. शिमग्याला येतील दोन दिस, परत जातील." मी म्हटलं, "एवढं चांगलं घर झालंय की आता." तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घर झालं. बाकी फिटली का?"

तर आधी ही 'बाकी' समजून घेऊ. सगळी गाठ तिथेच आहे.

पावसाळ्यात हाताला काम कमी. लावणी झाली की हातातले पैसे संपतात. त्याच काळात भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, कुणाला नुसता किराणा. ती उचल नंतर विटा पाडून फेडायची. भट्टीवर असताना जेवणखाण्यासाठी दर आठवड्याला थोडे पैसे मिळतात, त्याला खर्ची म्हणतात. खर्चीसुद्धा हिशेबात चढते. हंगाम संपला की पाडलेल्या विटा मोजून हिशेब होतो.

मी इंजिनिअर आहे, मला आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या एका भट्टीचे नाहीत. समजा, नवरा-बायकोने उचल घेतली ३०,००० रुपये. खर्ची आठवड्याला १,५०० आणि हंगाम २६ आठवड्यांचा, म्हणजे ३९,०००. एकूण ६९,००० रुपये फेडायचे. समजा, हजार विटांमागे ७०० रुपये मिळतात. म्हणजे दोघांनी मिळून साधारण ९८,५०० विटा पाडल्या तर हिशेब शून्यावर येतो. आठवड्याला सहा दिवस धरून रोजच्या सुमारे ६३०. माती कालवायची, साच्यात थापायची, उन्हात मांडायची, उलटायची, रचायची. बरं, हे शून्यावर यायला. हातात एक रुपया उरायला याच्या वर पाडाव्या लागतात.

आता लेकरू तापाने फणफणलं, चार दिवस गेले. मार्चमध्ये अवकाळी आला, कच्च्या विटांचा चिखल झाला, आठवडा गेला. सगळे मिळून २० दिवस बुडाले असं धरा. १२,६०० विटा कमी, म्हणजे ८,८०० च्या आसपास रुपये बाकी राहिली. ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर कुठे जायचं हे या मे महिन्यातच ठरून गेलं. तोपर्यंत वाडीवर पक्कं घर झालं काय, न झालं काय.

कायदा काय म्हणतो हेही सांगतो, कारण हे फार जणांना माहीत नसतं. उचलीपायी माणसाला काम सोडून जायची मुभा नसेल किंवा किमान वेतनापेक्षा कमी दरात राबावं लागत असेल, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्द ठरतं. तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदाराकडे करता येते. पण कर्ज कागदावर रद्द झालं तरी पुढच्या श्रावणात किराण्याला पैसे कोण देणार, हा प्रश्न कायद्यात नाही.

आता घराकडे येऊ. महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित गटात आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. अशा देशभरातल्या ७५ गटांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन योजना सुरू झाली. तिच्यात पक्क्या घरासाठी २ लाख रुपये मिळतात. शिवाय संडासासाठी १२,००० आणि रोजगार हमीतून मजुरी. पैसे एकरकमी येत नाहीत. बांधकाम एकेका टप्प्याला पोचलं की मोबाइल ॲपवर जागेच्या अक्षांश-रेखांशासकट फोटो चढवायचा, तो मंजूर झाला की पुढचा हप्ता थेट बँक खात्यात.

सिस्टीम म्हणून मला हे आवडलं. खोटं घर दाखवून पैसे खाणं अवघड होतं. पण यात एक बग आहे, आणि तो कोडमध्ये नाही, कॅलेंडरमध्ये आहे. कर्जत-खालापुरात जूनमध्ये पाऊस धरला की पाया खणायचं काम कुणी काढत नाही. घर बांधायचे महिने म्हणजे दिवाळीनंतर मेपर्यंत. भट्टीवर जायचे महिने? तेच. घर बांधायचा हंगाम आणि घर सोडायचा हंगाम एकच आहे. माणूस भट्टीवर असताना त्याच्या घराचा पाया कोण बघणार, सिमेंट कोण उतरवून घेणार, रोजगार हमीच्या हजेरीवर कोणाचं नाव लागणार? मग काम कुणा ठेकेदाराला दिलं जातं, आणि घराचं दार कुठे असावं, चूल कुठे असावी हे घरमालकाला विचारलंच जात नाही.

त्यामुळे श्रोत्याचा प्रश्न, 'चार भिंती टोचतात का', त्याचं उत्तर अर्धं इथे आहे. सरकारी नियमाने घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. जुनं घर कुडाचं असायचं, कारवीच्या काठ्या आणि वर शेणामातीचा लेप. चुलीचा धूर कौलांतून आणि कुडातून आपोआप बाहेर जायचा. सिमेंटच्या खोलीत तीच चूल पेटवली तर डोळे चुरचुरतात. वर पत्रा असेल तर एप्रिलच्या दुपारी आत बसवत नाही. म्हणून घराला लागून कुडाची पडवी उभी राहते आणि स्वयंपाक, झोप, गप्पा सगळं तिथे. आतल्या खोलीत भात आणि कपडे. संडासात पाणी नसेल तर सरपण. बाहेरून आलेला साहेब हे बघतो आणि म्हणतो, "यांना पक्क्या घरात राहायची सवयच नाही."

सवयीचाच विषय निघाला म्हणून बोलतो. आमच्या कर्जत, नेरळ, खोपोलीत टॉवरच्या टॉवर 'सेकंड होम' म्हणून विकले जातात. पनवेल-कर्जत लोकल मार्गाच्या नावावर तर जास्तच. त्यातले कितीतरी फ्लॅट सोमवार ते शुक्रवार बंद असतात, काही वर्षातून दोनदा उघडतात. त्या कुलपांबद्दल कुणी अहवाल लिहीत नाही. वाडीवरचं कुलूप मात्र 'घरकुलाचा वापर नाही' म्हणून नोंदलं जातं.

आणखी एक गोष्ट आहे, माझ्या मते सगळ्यात मोठी. जमीन. अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या खासगी जागेवर किंवा वनखात्याच्या जागेवर वसलेल्या आहेत. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं 'फायटिंग एव्हिक्शन' हे २०१३ चं पुस्तक याच विषयावर आहे. रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांसोबत केलेलं ते काम आहे. इथे जमिनीचे भाव चढले, तशी जुन्या जमीनमालकाला किंवा नव्या खरेदीदाराला वाडी अडचणीची वाटायला लागली. कुंपण पडतं, वाट बंद होते, विहिरीवर जाऊ देत नाहीत.

इथे एक घोळ नेहमी होतो. लोक ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवतात: "हे बघा, घरपट्टी भरतोय, घर आमचंय." नमुना आठ घराच्या कराची नोंद आहे. घराखालची जमीन कोणाची हे सातबारा सांगतो, आणि त्यावर नाव दुसऱ्याचंच असतं. अशा जागेवर घरकुल मंजूर करताना अधिकारी थांबतो, आणि मंजूर झालं तरी माणसाला धाकधूक राहते. ज्याच्या पायाखालची जागा त्याची नाही, त्याने सगळं सामान उलगडून ठेवावं ही अपेक्षा मला जरा जास्तच वाटते.

वाटा आहेत. वाडी वनजमिनीवर असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करता येतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवून. खासगी जागेवर असेल तर गावठाण विस्ताराचा प्रस्ताव, किंवा घरकुलासाठी जागा विकत घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना. रायगडसाठी आदिवासी प्रकल्प कार्यालय पेणला आहे.

रेशनचं थोडं सुधारलंय. पूर्वी कार्ड वाडीच्या दुकानात आणि माणूस भट्टीवर, मग सहा महिन्यांचं धान्य बुडायचं. आता दुसरीकडेही उचलता येतं, अंगठा मशीनने ओळखला तर. विटा थापून अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या असतात, ते वेगळं. शाळेचं मात्र अवघड आहे. भट्टीवरच्या झोपडीला ठाणे जिल्ह्यात भोंगा म्हणतात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने तिथे भट्टीवरच शाळा चालवल्या, त्यांचं नाव भोंगाशाळा. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजनाही आहे. मूल मागे ठेवायला आजी-आजोबा असतील तर शाळा टिकते, नसतील तर पोर भट्टीवर विटा उलटायला लागतं.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. व्हॅनवाल्याला फ्लॅटमध्ये करमत नसेल तर तो पुन्हा किल्ली फिरवून निघू शकतो. वाडीवरच्या माणसाला घरी थांबायचंय, पण त्याला निघावं लागतं. उचल पावसाळ्यात दिली जाते, म्हणून मदतही पावसाळ्यात लागेल: जुलै-ऑगस्टमध्ये रोजगार हमीचं काम आणि ते पैसे वेळेवर.

शेवटी एक कामाची गोष्ट, कर्जत-खालापुरातल्या श्रोत्यांसाठी. गावठाण विस्ताराचा विषय ग्रामसभेत मांडावा लागतो. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायद्याने वाडीला मिळते तशी स्वतःची ग्रामसभा इथे नाही, गावाच्याच सभेत बोलावं लागतं. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. पहिल्या दोन्हींना अर्धी वाडी भट्टीवर असते. तुमच्या ओळखीचं कुणी वाडीवर राहत असेल तर अर्ज, नमुना आठ आणि जुने पुरावे जुलैतच काढून ठेवायला मदत करा. १५ ऑगस्टला भट्ट्या बंद असतात आणि सगळे घरी असतात.